औषधाचें वावडें

कोणास अंडें सोसत नाहीं, कोणास वांगें खाल्लें कीं अंगास खाज सुटते. अशा वेळीं ‘त्याला त्याचें वावडें आहे’ असें आपण म्हणतों. वावडें असलेला पदार्थ वर्ज्य करावा हा आपला घरगुती शिरस्ता, व तो रास्तच आहे. परंतु ज्या औषधावांचून प्राण वांचणें कठीण, त्याच औषधाचें वावडें असेल तर काय करावें? वैद्यकशास्त्रानें या प्रश्नाचें जें उत्तर शोधिलें आहे, त्याची ओळख आम्ही येथें करून देत आहों.

या पेचांत वारंवार सांपडतात ते ‘सिस्टिक फायब्रोसिस’ या आनुवंशिक विकाराचे रोगी. १९३८ सालीं न्यूयॉर्क येथील डॉ. डोरोथी अँडरसन या विदुषीनें त्याचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. आई व बाप या दोघांकडूनही सदोष जनुक आल्यास हा विकार जडतो. त्यांत फुप्फुसांतील कफ डिंकासारखा चिकट होतो, सहजीं सुटत नाहीं, आणि ‘स्यूडोमोनास’ नांवाचे जंतु तेथें वर्षानुवर्षें ठाण मांडून बसतात. त्यांना आवरण्याकरितां प्रतिजैविक औषधें शिरेवाटे, बहुधा दोन दोन आठवडे, पुनःपुन्हां द्यावीं लागतात. पण ज्या औषधाशीं शरीराचा संबंध वारंवार येतो, त्याचें वावडें उत्पन्न होण्याचा संभवही अधिक. मग एकेक औषध हातचें जाऊं लागतें; आणि कधीं कधीं जंतूंवर चालणारें जें उरतें, नेमकें तेंच सोसत नाहीं.

वावडें म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांची चूक होय. निरुपद्रवी पदार्थास शत्रु मानून शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार करितें. तीं ‘मास्ट’ नांवाच्या पेशींवर जाऊन बसतात. तोच पदार्थ पुन्हां आला कीं त्या पेशी हिस्टामिनादि द्रव्यें एकाएकीं बाहेर टाकतात. अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, धाप लागते. रक्तदाब उतरून प्रसंगीं मृत्युही ओढवतो. या भयंकर प्रकारास फ्रान्समधील रिशे व पोर्तिए यांनीं १९०२ सालीं ‘ॲनाफिलॅक्सिस’ हें नांव दिलें. या संशोधनाबद्दल रिशे यांस १९१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

यावरील उपायाचें तत्त्व सोपें आहे: पहारेकऱ्यांना जाग येणार नाहीं इतक्या अल्प मात्रेनें आरंभ करावा व ती पायरीपायरीनें वाढवावी. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयांत लेनर्ड नून यांनीं १९११ सालीं गवताच्या परागांचें वावडें असलेल्या रोग्यांवर असाच उपाय केला होता. पुढें १९२८ सालीं त्याच रुग्णालयांत फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला.

औषधाच्या बाबतींत हें काम कांहीं तासांतच उरकावें लागतें. समजा, पूर्ण मात्रेच्या दहा लाखाव्या भागापासून आरंभ केला व दर पंधरा मिनिटांनीं मात्रा दुप्पट केली. वीस वेळां दुप्पट केल्यानें ती १०,४८,५७६ पट होते; म्हणजे अवघ्या पांच तासांत पूर्ण मात्रा गांठतां येते! आमच्या विद्यार्थिमित्रांनीं हें गणित अवश्य करून पाहावें. प्रत्येक ठिकाणच्या पायऱ्या निराळ्या असतात. तत्त्व मात्र एकच.

तथापि येथें एक मोठी मेख आहे. हा समेट तात्पुरता असतो. औषध नियमित चालू आहे तोंवरच शरीर तें सोसतें. एकदोन दिवस खंड पडला तर सर्व पायऱ्या पुन्हां पहिल्यापासून चढाव्या लागतात. शिवाय आधींच दुर्बळ झालेल्या फुप्फुसांना दम्यासारखा झटकाही जड जातो. म्हणून हा प्रयोग रुग्णालयांतच, ॲड्रेनालिन हाताशीं ठेवून व तज्ज्ञांच्या डोळ्यांदेखत करावयाचा असतो. औषधानें ज्यांच्या अंगाची व तोंडांतील त्वचा फोड येऊन सोलवटली असेल, त्यांच्यावर तर तो मुळींच करूं नये.

पालकांस आमची एक विनंति आहे. पेनिसिलिनचें वावडें आहे असें समजणाऱ्या पुष्कळांना तें नसतें, असें रीतसर चाचणीअंतीं आढळून येतें. तेव्हां मुलास एखादें औषध बाधलें, तर त्याचें नांव, तारीख व झालेला त्रास लिहून ठेवावा व प्रत्येक डॉक्टरांस दाखवावा; घरीं मात्र थोडें थोडें देऊन पाहूं नये. घरांतील त्या चार ओळी पुढें कधीं एखाद्याचा प्राणही वांचवितील.