बॉयकॉट : आडनावाचे झाले क्रियापद

'बॉयकॉट' या इंग्रजी शब्दाचा अर्थ बहिष्कार. मात्र मुलगा या अर्थाच्या 'बॉय'शी त्याचा काहीही संबंध नाही. हे एका माणसाचे आडनाव आहे. क्रिकेटरसिकांना जेफ्री बॉयकॉट ठाऊक आहे. पण ज्याच्यामुळे हा शब्द शब्दकोशात आला तो चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा एकोणिसाव्या शतकातला.

इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि लष्करात काम केलेला बॉयकॉट आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८७९ मध्ये त्याच परगण्यात कुळांच्या हक्कांसाठी 'लँड लीग' स्थापन झाली. पुढच्या वर्षी कुळांनी खंडात मोठी सूट मागितली. ती नाकारून बॉयकॉटने काही कुळांना जमिनीवरून हुसकावण्यासाठी नोटिसा काढल्या. लीगचे नेते चार्ल्स पार्नेल यांनी सप्टेंबर १८८० मध्ये एनिस येथील सभेत नवा मार्ग सुचवला होता : हुसकावलेल्या कुळाची जमीन घेणाऱ्याला हात लावू नका, त्याच्याशी सर्व संबंध तोडा. हाच उपाय बॉयकॉटवर झाला. मजूर शेत सोडून गेले, दुकानदार माल देईनात, टपालही पोहोचेना. अखेर अल्स्टरमधून सुमारे ५० स्वयंसेवक आणून सैन्याच्या पहाऱ्यात पीक काढावे लागले. पिकाची किंमत सुमारे ५०० पौंड, तर खर्च १० हजार पौंडांच्या घरात गेल्याचा अंदाज होता. वर्ष संपण्यापूर्वीच बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला.

या प्रकाराला नाव काय द्यावे? 'ऑस्ट्रसाइज' हा ग्रीक वळणाचा शब्द शेतकऱ्यांना जड जाईल, म्हणून फादर जॉन ओमॅली यांनी 'बॉयकॉट' सुचवला, असे अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ यांनी नमूद केले आहे. थोड्याच काळात हा शब्द फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांतही शिरला.

इंग्रजीत तो नाम आणि क्रियापद अशा दोन्ही प्रकारे चालतो. व्यक्ती, वस्तू, सभा, निवडणूक यांपैकी कशावरही 'बॉयकॉट' घालता येतो. 'बॅन' म्हणजे सत्ताधाऱ्याने घातलेली बंदी, 'स्ट्राइक' म्हणजे स्वतःचे काम थांबवणे; 'बॉयकॉट' म्हणजे दुसऱ्याशी व्यवहार थांबवणे.

वंगभंगानंतर, १९०५ पासून, हा शब्द भारतीय राजकारणात गाजला. लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीला बहिष्कार होता. मराठीत मात्र बहिष्काराला आणखी एक, जुनी आणि कडू छटा आहे. जातीने वाळीत टाकणे म्हणजेही बहिष्कारच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये आपल्या पत्राला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले, ते याच अर्थाने.

शब्द एक, पण दिशा दोन. मेयोत दुबळ्यांनी बलवानाशी व्यवहार तोडला. जातपंचायत एकट्या कुटुंबाशी तोडते, आणि त्या कुटुंबाला पाणी देणाऱ्यालाही दंड ठोठावते. म्हणूनच महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो २०१७ पासून अमलात असून त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. बहिष्कार कोण, कोणावर घालतो, यावरच तो शस्त्र की अत्याचार हे ठरते.