जंताची गोळी दिली, तरी पोट का दुखतं?

घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्त्यांत गेलो की आया आम्हाला हेच सांगतात, "सिस्टर, शाळेत जंताची गोळी दिली होती. तरी पोराचं पोट फुगलेलंच. खातो, पण अंगी लागत नाही."

आईचं खरं आहे आणि गोळीही खोटी नाही. राष्ट्रीय जंतनाशक दिनी, १० फेब्रुवारीला, १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल देतात. ती मातीतून पोटात जाणाऱ्या जंतांवर चालते, म्हणून चुकवू नका. पण पाण्यातून जिआर्डिया आणि अमिबा हे परजीवीही येतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि शाळेतल्या त्या एका गोळीने जात नाहीत.

जिआर्डिया झाला की घाण वासाची, तेलकट, पातळ शी होते, गॅस होतो, पोट फुगतं आणि आठवड्यांमागून आठवडे वजन उतरतं. अमिबामुळे शीतून आव-रक्त पडू शकतं. अशा वेळी महापालिकेच्या दवाखान्यात शी तपासून घ्या. एका तपासणीत सापडलं नाही, तर वेगवेगळ्या दिवशी पुन्हा द्यावी लागते. मेडिकलमधून मनाने औषध आणू नका.

हे पाण्यात येतं कुठून? आपल्याकडे पाणी थोडेच तास येतं. घरोघरचे बारीक पाइप गटारातूनच गेलेले असतात. पाणी बंद झालं की पाइपातला दाब जातो आणि गळक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत शिरतं. मोटर लावली की ही ओढ वाढते. पाण्यातल्या क्लोरीनने पटकीचे जिवाणू मरतात, पण जिआर्डिया जाड कवचात तग धरतो.

"आम्ही फडक्याने गाळतो," असं बऱ्याच जणी म्हणतात. ही सवय चांगलीच आहे. भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांतही पाण्याचं गाळणं आहे. गावाकडचा नारू आजीला विचारा. त्याला लस नव्हती, औषध नव्हतं. पाणी गाळून आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करून तो गेला. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पण नारू पसरवणारा पाण्यातला बारीक किडा फडक्यात अडकायचा, जिआर्डिया आरपार जातो. म्हणून आधी गाळा, मग उकळा.

घरी एवढं करा :
- नळाचं पहिलं गढूळ पाणी भांडी-धुण्याला घ्या.
- पिण्याचं पाणी खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या.
- पिंपात हात बुडवू नका, दांड्याचं ओगराळं वापरा.
- संडासहून आल्यावर आणि मुलाला भरवण्याआधी साबणाने हात धुवा.
- जुलाब लागले तर लगेच ओआरएस सुरू करा. मूल मलूल झालं, लघवी कमी झाली किंवा शीत रक्त दिसलं, तर दवाखाना गाठा.

गॅस महाग आहे, हे आम्हाला कळतं. सगळं जमत नसेल तर लहान मुलांपुरतं तरी उकळा. पण गटारातला पाइप ही आईची चूक नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला पाण्याचा हक्क बजावला. १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितलं की, वस्ती अनधिकृत आहे म्हणून माणसांना पाणी नाकारता येणार नाही. तो हक्क गटार मिसळलेल्या पाण्याचा नक्कीच नाही.

येत्या रविवारी विहारात जमाल, तेव्हा आपल्या गल्लीतले पाइप कुठे गटारात आहेत ते लिहून काढा. सगळ्या घरांच्या सह्या घ्या, महापालिकेच्या विभाग कार्यालयात अर्ज द्या आणि शिक्का मारलेली पोच जपून ठेवा. जयभीम!