आल्प्सच्या घाटांतून दोघांचा दुचाकी-प्रवास

गेल्या सप्टेंबर महिन्यांत आमच्या शाळेचे एक माजी विद्यार्थी आपल्या पत्नीसह शाळा पाहण्यास आले होते. उभयतांनीं नुकताच युरोपांतील आल्प्स पर्वताच्या घाटांतून दहा दिवस मोटरसायकलवरून प्रवास केला होता. ही वार्ता कळतांच वरच्या वर्गांतील मुलांनीं त्यांस गराडा घातला व पहिलाच प्रश्न केला, "गाडी किती वेगानें पळविली?" पाहुणे हंसून म्हणाले, "वळणावर ताशी वीस किलोमीटर." मुलांचीं तोंडें उतरलीं. ज्या यंत्राच्या अंगीं ताशी दीडशें किलोमीटर धांवण्याचें सामर्थ्य, तें सायकलच्या वेगानें चालवावें, हें त्यांस चमत्कारिक वाटलें. परंतु त्या एका उत्तरांत थोडा इतिहास, थोडें पदार्थविज्ञान व पुष्कळसा शहाणपणा सांठविलेला आहे. तो उलगडून दाखवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

प्रथम पर्वताची ओळख करून घेऊं. आल्प्सची रांग भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याजवळून निघून फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली, ऑस्ट्रिया इत्यादि देशांतून धनुष्याच्या आकारानें सुमारें १२०० किलोमीटर पसरली आहे. आपल्या महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, त्याची उंची १६४६ मीटर. इटलीच्या उत्तर सीमेजवळील स्टेल्व्हिओ नांवाच्या घाटांत ह्या उंचीवर निम्मी चढणहि झालेली नसते. कारण त्या रस्त्याचा माथा २७५७ मीटरांवर आहे! हिवाळ्यांत असे उंच घाट बर्फानें बंद होतात. उन्हाळ्याचे तीन-चार महिनेच ते निर्धास्तपणें खुले असतात, व तेवढ्याच अवधींत प्रवाशांस आपली हौस पुरवून घ्यावी लागते.

इतक्या उंच रस्ता नेला तरी कसा? तो सरळ चढविला असता तर कोणत्याहि घोड्यास भरलेली गाडी वर ओढतां आली नसती. म्हणून रस्ता बांधणारे चढ कमी करण्यासाठीं रस्त्याची लांबी वाढवितात. पायथ्याच्या प्राद गांवापासून स्टेल्व्हिओच्या माथ्यापर्यंत उंचीचा फरक सुमारें १८४० मीटर आहे. रस्ता मात्र सुमारें पंचवीस किलोमीटर लांब केलेला आहे. त्यामुळें शंभर मीटर चालल्यावर सरासरीनें सात-साडेसात मीटरच चढावें लागतें. एवढी लांबी डोंगराच्या एकाच अंगावर बसविण्यासाठीं त्या रस्त्यास अठ्ठेचाळीस वेळां उलट फिरावें लागलें आहे. हीं वळणें केसांत खोवण्याच्या आंकड्यासारखीं अगदीं आंवळ असून प्रत्येकास क्रमांक दिलेला आहे. दर वळणाला प्रवाशास वाटतें कीं आपण आलों तिकडेच परत चाललों. प्रत्यक्षांत तो दर वेळीं थोडा वर गेलेला असतो.

हे रस्ते सहलीसाठीं जन्मास आले नाहींत. स्वित्झर्लंड व इटली ह्यांना जोडणारा सिंप्लॉनचा रस्ता नेपोलियननें १८०१ ते १८०५ ह्या काळांत बांधविला, तो मुख्यतः तोफा नेण्यासाठीं. स्टेल्व्हिओचा रस्ता ऑस्ट्रियाच्या बादशहानें १८२० ते १८२५ मध्यें, कार्लो दोनेगानी ह्या इंजिनियराच्या देखरेखीखालीं, आपला नवा लोंबार्डी प्रांत राजधानीच्या हातांत ठेवण्यासाठीं करविला. आपल्याकडील बोरघाटाचा गाडीरस्ता त्यानंतर लवकरच, म्हणजे १८३० सालीं, गव्हर्नर माल्कम ह्यांच्या कारकीर्दींत खुला झाला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पुढें ऑस्ट्रियांत ग्रोसग्लॉक्नर शिखराजवळून फ्रान्झ वालाक ह्यांच्या योजनेप्रमाणें सुमारें अठ्ठेचाळीस किलोमीटरांचा रस्ता १९३० सालीं सुरू होऊन १९३५ मध्यें पुरा झाला. तो मात्र बेकारीच्या दिवसांत हातांना काम मिळावें व प्रवाशांस पर्वत पाहतां यावा म्हणून केला गेला. तोफांकरितां खोदलेल्या वाटेवरून आज नवराबायको सुटीसाठीं जातात, हा काळाचा पालट कोणासहि आनंदच देईल.

आमच्या पाहुण्यांनीं जर्मनींतील म्युनिक शहरीं एक मोठी मोटरसायकल भाड्यानें घेतली, व ग्रोसग्लॉक्नर, स्टेल्व्हिओ आणि पुढें स्वित्झर्लंडांतील घाट असा पूर्वेकडून पश्चिमेकडे मार्ग आंखला. तिकडे वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात. त्यामुळें उजवीकडचें वळण आंतल्या, म्हणजे अतिशय अरुंद, कडेनें घ्यावें लागतें; आणि डावीकडे राहण्याची आपली संवय दर वळणावर उफाळून येते.

आतां ताशी वीस किलोमीटरांचें रहस्य पाहूं. दुचाकी वळतांना आंतल्या बाजूस कलते, हें प्रत्येक सायकलस्वार मुलास ठाऊक आहे. तिनें किती कलावें हें तिचा वेग व वळणाची त्रिज्या ह्यांवरून ठरतें. आणि येथें वेगाचा वर्ग लागतो, म्हणजे वेग दुप्पट झाला कीं बाहेर लोटणारा जोर चौपट होतो. समजा, वळणाची त्रिज्या दहा मीटर आहे. ताशी वीस किलोमीटर वेगास गाडी उभ्या रेषेपासून सतरा-अठरा अंश कलली म्हणजे पुरे. तीस किलोमीटर वेगास पस्तीस अंश कलावें लागतें. चाळीस किलोमीटर वेगास हाच कोन पन्नास अंशांच्याहि पुढें जातो! साधारण टायरची पकड कोरड्या, चांगल्या रस्त्यावरहि पंचेचाळीस अंशांच्या सुमारास संपत येते. ओल्या रस्त्यावर अथवा खडीवर ती त्याहून फार आधीं सुटते. म्हणजे वीस व चाळीस ह्यांमधील अंतर हें घड्याळांतील दोन-तीन सेकंदांचें, पण रस्ता व दरी ह्यांमधीलहि तेवढेंच आहे. वरच्या वर्गांतील मुलांनीं हें गणित स्वतः मांडून पाहावें.

मागें बसणाऱ्याचें काम केवळ बसण्याचें आहे, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः चालकाबरोबर त्यासहि कलावें लागतें. भीतीनें तो उलट बाजूस ताठ झाला तर गाडी वळणाबाहेर ओढली जाते. मध्येंच हालला तर चालकाचा तोल डळमळतो. पाहुण्यांच्या पत्नीनीं आपली युक्ति मुलींना सांगितली ती अशी: उजवें वळण असलें कीं पतीच्या उजव्या खांद्यावरून पुढें पाहावें, डावें असलें कीं डाव्या खांद्यावरून, मग शरीर आपोआप योग्य तितकें कलतें. चालकासहि हाच नियम. ज्या ठिकाणीं जावयाचें तेथें दृष्टि ठेवावी. दरीकडे टक लावणाऱ्याची गाडी दरीकडेच सरकूं लागते.

चढण्यापेक्षां उतरणें कठीण, ही गोष्ट नवख्यास सहसा पटत नाहीं. चढतांना हवा विरळ होते. स्टेल्व्हिओच्या माथ्यावर तिचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारें पाऊणपटच असतो. त्यामुळें इंजिन थोडें दमतें, इतकेंच. दर हजार मीटरांस उष्णमान सुमारें सहा-साडेसहा अंशांनीं उतरतें, म्हणून पायथ्याशीं उन्हानें घाम येत असतां माथ्यावर हातमोजे चढवावे लागतात. परंतु खरी कसोटी पुढेंच असते. गाडी, दोन माणसें व सामान मिळून चारशें किलोग्रॅम वजन धरलें, आणि तें अठराशें-एकोणीसशें मीटर खालीं आणावयाचें असलें, तर चढतांना सांठविलेली शक्ति कोठें तरी खर्च झालीच पाहिजे. ती सर्व उष्णतेच्या रूपानें बाहेर पडली तर वीस लिटरांहून अधिक पाणी उकळीस येईल! कांहीं भाग वारा व रस्ता घेतात. उरलेला सर्व ब्रेकवर टाकला तर ब्रेक तापतात, त्यांतील तेलास उकळी फुटते, वाफेचे बुडबुडे होतात, आणि दांडा दाबला असतां तो नुसता नरम लागतो व गाडी थांबत नाहीं. हें तेल हवेंतील पाणी शोषून घेतें, म्हणून जुन्या तेलास उकळी लवकर येते. ह्यावर उपाय एकच: ज्या गिअरमध्यें घाट चढावा, त्याच खालच्या गिअरमध्यें तो उतरावा, म्हणजे इंजिनच गाडीस मागें धरून ठेवतें, ब्रेक वळणापूर्वीं थोडा वेळ दाबून सोडून द्यावा.

हा नियम पाहुण्यांस ठाऊक होता. पण एके दिवशीं तो त्यांनीं मोडला. त्या दिवशीं सायंकाळपर्यंत ग्रेट सेंट बर्नार्डची खिंड ओलांडून इटलींतील आओस्ता शहरीं पोहोंचावयाचें होतें. तेथें खोलीचे पैसे अगोदर भरलेले होते. वेळ गांठण्यासाठीं सकाळच्या एका घाटांत त्यांनीं वरच्या गिअरमध्यें, ब्रेकवर भिस्त ठेवून गाडी खालीं आणली. पायथ्याजवळ दांडा नरम लागला. थोडें थांबल्यावर तो पूर्ववत् झाला. त्यांनीं ती गोष्ट पत्नीस सांगितली नाहीं. सायंकाळीं ते २४६९ मीटर उंचीच्या खिंडींत पोहोंचले तों धुकें उतरलें व गारा पडूं लागल्या. समोर आओस्तापर्यंत चौतीस किलोमीटरांचा उतार. त्यांनीं गाडी थांबविली, पण इंजिन बंद करीनात. तेव्हां पत्नीनीं विचारलें, "काय झालें?" मग त्यांनीं सकाळची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "अहो, ही गोष्ट तेव्हांच सांगायची! मागें मीहि बसलेली आहें. पैसे गेले तर जाऊं द्या, आज येथेंच राहूं."

त्या खिंडींत एक जुनें धर्माश्रयगृह आहे. अकराव्या शतकांत बर्नार्ड नांवाच्या धर्मसेवकानें तें वाटसरूंसाठीं स्थापिलें, व तेव्हांपासून ख्रिस्ती बंधूंनीं तेथें बर्फांत सांपडलेल्या असंख्य लोकांस आसरा दिला आहे. मे १८०० मध्यें नेपोलियनचें सैन्य ओंडके कोरून त्यांत तोफा घालून ओढीत ह्याच दारावरून गेलें. येथील मोठे कुत्रे जगांत प्रसिद्ध आहेत. त्यांतील बॅरी नांवाच्या कुत्र्यानें चाळिसांहून अधिक माणसांचे प्राण वांचविले अशी परंपरा असून त्याची पेंढा भरलेली आकृति बर्न शहराच्या संग्रहालयांत ठेवलेली आहे. १९२३ सालीं पोपनीं संत बर्नार्डास आल्प्समधील प्रवाशांचा रक्षक म्हणून घोषित केलें. १९६४ मध्यें खिंडीखालून बोगदा झाला, तरी वरील घराचें दार आजहि वाटसरूस उघडतें. आमच्या पाहुण्यांस त्या रात्रीं तेथें ऊन सूप, भाकरी व दोन खाटा मिळाल्या. दुसरे दिवशीं आकाश निवळलें. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्यें, मध्यें चार वेळां थांबून, ते आओस्तास उतरले व प्रथम ब्रेकचें तेल बदलून घेतलें. कारागिरानें जुनें तेल दाखविलें. तें चहासारखें काळसर झालें होतें.

आम्ही ही कथा मुलांस घाबरविण्यासाठीं सांगत नाहीं. प्रवास हा उत्तम शिक्षक आहे. परंतु आमच्या पाहुण्यांच्या हातून जी चूक झाली ती अज्ञानाची नव्हती. माहीत असलेला नियम घाईनें मोडण्याची व मोडल्यावर तें लपविण्याची होती. वर्गांतहि, घरींहि अशाच चुका आपणांकडून होतात. नरम लागलेला दांडा ज्यास वेळेवर दुसऱ्यास सांगतां येतो, तो पुष्कळ संकटांतून वांचतो.

पालकांसहि एक विनंती आहे. गिअरच्या मोटरसायकलचा परवाना आपल्या देशांत अठरा वर्षें पुरीं झाल्यावांचून मिळत नाहीं. परीक्षेंतील यशाचें बक्षीस म्हणून तत्पूर्वींच मुलाच्या हातीं किल्ली देऊं नये. आणि योग्य वयांत ती देतांना शिरस्त्राण एक न देतां दोन द्यावींत, कारण मागें बसणाऱ्याचें डोकेंहि तितकेंच नाजूक असतें.

निघतांना एका मुलानें पाहुण्यांस विचारलेंच, "इतक्या हळू गेलांत, मग मजा काय आली?" त्यांनीं पत्नीकडे बोट दाखविलें. त्या म्हणाल्या, "बाळ, आम्हांला उतारावरच्या गाईंच्या गळ्यांतल्या घंटा ऐकूं आल्या. भरधांव गेलों असतों, तर त्या ऐकूं आल्या असत्या काय?"