कोटा शिल्लक, गोळी नाही

१२ ऑक्टोबर २०२२ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘अ‍ॅडरॉल’ या गोळीचा देशभर तुटवडा असल्याचे अधिकृतपणे जाहीर केले. तेवा या मोठ्या उत्पादक कंपनीचे उत्पादन खोळंबले, हे तात्कालिक कारण होते. ही गोळी एडीएचडी, म्हणजे अवधान टिकवता न येणे आणि अतिचंचलता या विकारावर दिली जाते. आपल्याकडे अशा मुलाला द्वाड आणि अशा प्रौढाला वेंधळा म्हणून मोकळे होण्याची रीत आहे. अमेरिकेत मात्र २०२३ मध्ये हे निदान झालेल्या केवळ प्रौढांचीच संख्या सुमारे १ कोटी ५५ लाख होती. त्यांपैकी उत्तेजक वर्गातील औषधे घेणाऱ्या दर १०० जणांतील सुमारे ७१ जणांना, दुकानात माल नसल्यामुळे, वर्षभरात कधी ना कधी औषध मिळण्यात अडचण आली.

या औषधाचा परिणाम काही तासांचाच असतो. कालची गोळी आजच्या कामी येत नाही, आणि गोळी नसलेला दिवस त्याच दिवशी जाणवतो. हिशेबात चुका होतात, देणी भरण्याची तारीख चुकते, मोटार चालवताना लक्ष विचलित होते. शाळेतील मुलाला तर आपले काय बिघडले हेही सांगता येत नाही.

त्यातच कायद्याने हे औषध कडक नियंत्रणाच्या दुसऱ्या अनुसूचीत घातले आहे. जुन्या चिठ्ठीवर पुन्हा औषध मिळत नाही; प्रत्येक वेळी नवी चिठ्ठी लागते. डॉक्टर ती एका ठरावीक दुकानाकडे पाठवतात. तिथे माल नसेल तर रुग्णाने दुसरे दुकान शोधायचे, पुन्हा डॉक्टरांना गाठायचे आणि चिठ्ठी बदलून घ्यायची. चोरीच्या भीतीने अनेक दुकानदार असे औषध शिल्लक आहे की नाही हे फोनवर सांगत नाहीत. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी एकदा दुसऱ्या दुकानाकडे वळवण्याची मुभा मिळाली. तोवर तुटवडा सुरू होऊन दहा महिने उलटले होते. ज्याला फोन करणे, नोंद ठेवणे, पाठपुरावा करणे हेच आजारामुळे जड जाते, त्याच्याच माथी ही सारी यातायात आली. काहींनी सुट्टीच्या दिवशी गोळी टाळून कामाच्या दिवसांसाठी साठा पुरवला, काहींनी अर्ध्या मात्रेवर भागवले.

माल गेला कुठे, या प्रश्नाचे उत्तर व्यापारी वाचकास विशेष उद्बोधक वाटेल. अशा द्रव्याचे वर्षभरात किती उत्पादन व्हावे, याचा कोटा तेथील अंमली पदार्थविरोधी खाते (डीईए) ठरवते आणि तो कंपन्यांत वाटून देते. १ ऑगस्ट २०२३ रोजी दोन्ही खात्यांनी संयुक्त पत्र काढून जाहीर केले की २०२२ मध्ये कंपन्यांनी मिळालेल्या कोट्यापैकी सुमारे ७० टक्केच माल विकला. सुमारे १०० कोटी मात्रा तयार करता आल्या असत्या, पण त्या बाजारात आल्याच नाहीत. बँकेच्या भाषेत, कर्जाची मर्यादा मंजूर, पण उचल नाही. कंपनीला उत्पादन करण्याची सक्ती सरकार करू शकत नाही. उलट काही उत्पादकांची तक्रार अशी, की आपल्या वाट्याचा कोटाच अपुरा होता. एकाकडे मर्यादा पडून आणि दुसऱ्याचा हात आखडलेला, हे चित्र कोणत्याही शाखाधिकाऱ्यास ओळखीचे वाटेल.

वितरणातही गाठ होती. अफूजन्य वेदनाशामकांच्या खटल्यांत तीन बड्या वितरकांनी सुमारे २१ अब्ज डॉलर देण्याची तडजोड २०२२ मध्ये पक्की झाली आणि त्यांच्यावर नियंत्रित औषधांच्या मागणीवर कडक नजर ठेवण्याचे बंधन आले. दुकानदाराची मागणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की माल थांबू लागला. करोनाकाळात दूरस्थ सल्ल्यावर ही औषधे मिळण्याची सवलत होती आणि मागणी वाढलेली होती. अफूचा हिशेब चुकवताना चटका बसला तो भलत्याच रुग्णाला. नियंत्रण हवेच, पण रुग्णाच्या गरजेची मोजणी न करता लावलेले नियंत्रण ही निव्वळ कागदी शिस्त होय.

गोळी नाही म्हणून दुसरे औषध द्यावे, तर अ‍ॅम्फेटामिन आणि मिथिलफेनिडेट हे दोन्ही वर्ग प्रत्येकाला सारखे मानवत नाहीत. पर्याय म्हणून पुढे येणाऱ्या ‘व्हायव्हान्स’च्या कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. अहिंसाव्रती कुटुंबांना ही अडचण लहान नाही. ही कॅप्सूल उघडून आतील भुकटी पाण्यात किंवा दह्यात कालवून घेता येते आणि चघळण्याची गोळीही निघते. हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. पुढे या औषधाचाही तुटवडा झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचा कोटा सुमारे २४ टक्क्यांनी वाढवावा लागला.

मुले-नातवंडे परदेशी असलेल्या घरांत सहज सुचते, की इथूनच गोळ्या पाठवाव्यात. अ‍ॅडरॉल भारतात विकलेच जात नाही. मिथिलफेनिडेट मिळते, पण आपल्या अंमली पदार्थविषयक कायद्याखाली ते मनःप्रभावी द्रव्य आहे. परवान्याविना ते देशाबाहेर पाठवणे गुन्हा आहे, आणि अमेरिकेतही टपालाने आलेले असे पाकीट जप्त होऊ शकते. इथून करता येण्याजोगी मदत एवढीच, की चिठ्ठी संपण्याच्या आठवडाभर आधी दुकानात चौकशी झाली का, हे फोनवर विचारावे आणि गोळी नसलेल्या दिवसांतील चुकीबद्दल मुलाला बोल लावू नये.