डावावर किती लावावे?

उज्जैनच्या देवास गेटवर उतरणाऱ्या गोमंतकीय यात्रेकरूचे चित्त सहसा महाकालाकडे लागलेले असते. बसस्थानक आणि रेल्वे स्थानक हाकेच्या अंतरावर, सभोवती लॉज, धर्मशाळा आणि पोहे-जिलबीची दुकाने. आम्हीही त्याच ओढीने तेथे उतरलो होतो. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर या शेणवी कारभाऱ्याने महाकालाचे मंदिर पुन्हा उभे केले, हे स्मरून आपल्याकडच्या माणसाला तेथे थोडा अधिकच आपलेपणा वाटतो. दर्शन आटोपून इंदूरच्या बसची वाट पाहत आम्ही चहाच्या दुकानात बसलो असता शेजारच्या तरुणाने आमच्या बोलण्यावरून ओळखून विचारले, "काका, आपण गोव्याचे ना? मांडवीतली ती जहाजं आपल्या घरापासून किती लांब?"

मुलगा मराठी घरचा. घराणे शिंदेशाहीच्या काळापासून माळव्यात स्थायिक, वडील निवृत्त शिक्षक. पूर्वी तो मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली, तेव्हापासून दोनदा गोव्यात येऊन तो कॅसिनोच्या टेबलावर बसून गेला होता. त्याने खिशातून एक छोटी वही काढली. तीत पत्त्यांविषयी फारसे काही नव्हते; होते ते सारे अपूर्णांक. "काका, हा जुगार नाही, हा हिशेब आहे," तो म्हणाला.

हे वाक्य हसण्यावारी नेण्याचा मोह आम्ही आवरला, कारण त्यात तथ्य आहे आणि ते तथ्य नाकारून या व्यसनाशी दोन हात करता येणार नाहीत. चतुर्थीच्या जागरणात तीन पत्ती खेळणाऱ्यांना ठाऊक आहे की, त्या खेळात चालीची रक्कम नियमानेच बांधलेली असते. मागच्या चालीइतकी, फार तर तिच्या दुप्पट. 'नो-लिमिट' पोकरमध्ये हे बंधन नाही. प्रत्येकाच्या हाती दोन पत्ते, टेबलावर सर्वांचे समाईक पाच, पैसे लावण्याच्या चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत आपल्यासमोर ठेवलेल्या पैशांपैकी वाटेल ती रक्कम पुढे सारण्याची मुभा. पत्ते दैवाधीन, रक्कम मात्र खेळाडूच्या हाती. म्हणून या खेळातले बहुतेक कौशल्य 'किती?' या एका प्रश्नात सामावले आहे.

समजा, मध्ये हजार रुपये साचले आहेत आणि एकच पत्ता उघडायचा राहिला आहे. आपल्या हाती चांगली जोडी आहे. प्रतिपक्षाला बदामची पाच पाने जुळवायला एक पान कमी पडते आहे. त्याला न दिसलेल्या ४६ पानांत बदामची ९, म्हणजे त्याची आशा पाचांत एकाहूनही किंचित कमी. आपण भीतभीत २५० रुपये लावले, तर त्याला २५० देऊन १५०० च्या राशीवर हक्क सांगता येतो. सहांत एकदा जिंकले तरी त्याचे भागते, म्हणजे तो नफ्यातच राहतो. ५०० लावले, तर त्याला चारांत एकदा जिंकावे लागते आणि पुढच्या फेरीत आणखी काही हाती लागण्याची आशा सोडली, तर त्याचा सौदा तोट्याचा ठरतो. पत्ते तेच, माणसे तीच. केवळ रक्कम बदलल्याने न्याय उलटा झाला.

हुलकावणीचेही तसेच. हाती काही नसताना हजारांच्या राशीवर ५०० लावणाऱ्याची हूल तीनांत एकदा यशस्वी झाली की पुरे. हजार लावणाऱ्याला दोनांत एकदा आणि दोन हजार लावणाऱ्याला तीनांत दोनदा यश लागते. आणि रकमा चढतात कशा, तेही पाहण्यासारखे आहे. मध्ये हजार असताना सलग तीन फेऱ्या राशीच्या निम्मे लावत आणि स्वीकारत गेले, तर प्रत्येकाचे ३,५०० रुपये जातात. प्रत्येक वेळी राशीइतके लावले, तर १३,०००. ही चढण डोळ्यांना दिसत नाही. कारण दर पायरीला 'फक्त एक पट' असेच म्हटले जाते. शिवाय रक्कम बोलते. नवखा माणूस चांगल्या पानांवर भरघोस आणि हलक्या पानांवर चिमूटभर लावतो, आणि समोरचा त्याचे पत्ते पाठीवरून वाचतो. मुरलेला खेळाडू दोन्हीवर सारखेच लावतो.

जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्ग येथे 'लिब्रेटस' नावाच्या संगणकाने चार निष्णात व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवले. राशीच्या कैक पट रक्कम अचानक लावण्याची त्याची रीत माणसांना सर्वांत अधिक गोंधळवून गेली. यंत्राला घर नसते आणि महिनाअखेरही नसते, हा त्यातला आमच्या मते महत्त्वाचा भाग.

कारण त्या तरुणाच्या वहीत राशीचे अपूर्णांक होते, घराचे नव्हते. रोख पैशांच्या पोकरमध्ये टेबलावर जेवढे मांडले तेवढेच एका डावात जाते, असा दंडक आहे. कौरवसभेत हा दंडक असता तर युधिष्ठिराला भाऊ आणि द्रौपदी पणाला लावता आले नसते. पण डाव संपताच खिशातून पुन्हा पैसे काढून मांडायला येथे कोणी अडवीत नाही. किती लावावे याचे खरे उत्तर टेबलावर नसून घरी असते. निवृत्त शिक्षकाच्या मुलाला जी रक्कम हरायला परवडत नाही, ती तो योग्य वेळी धीटपणे लावूही शकत नाही. आणि शेजारी बसलेल्या कारखानदाराला ते पहिल्या अर्ध्या तासात कळून चुकते.

दुसरी न लिहिलेली बाब म्हणजे घरमालकाचा वाटा. पोकरमध्ये कॅसिनो स्वतः खेळत नाही. तो राशीतून शेकडा काही कापून घेतो, बहुधा एका कमाल मर्यादेपर्यंत. साहजिकच मोठ्या राशीवर हा कर हलका आणि लहान राशीवर जड पडतो. ही युक्ती आजची नव्हे. याज्ञवल्क्य स्मृतीने द्यूतगृहाच्या चालकाला, म्हणजे सभिकाला, शंभराच्या वरच्या डावावर शेकडा पाच आणि लहान डावावर शेकडा दहा ठरवून दिले आहेत. त्याने राजाचा भाग पोहोचता करायचा आणि जिंकणाऱ्याचे येणे वसूल करून द्यायचे. परवाना शुल्काची कल्पना आमच्या सचिवालयात प्रथम जन्मली, असा कोणाचा समज असल्यास तो दूर व्हावा.

असा एक सभिक याच उज्जयिनीत शूद्रकाने रंगवला आहे. 'मृच्छकटिक' नाटकातला संवाहक हा पाटलिपुत्राहून आलेला, अंग रगडण्याच्या कलेत तरबेज असा गडी. धनी चारुदत्त दरिद्री झाल्यावर तो द्यूताच्या नादी लागतो, दहा सुवर्ण हरतो आणि पळत एका ओस देवळात मूर्तीच्या जागी उभा राहतो. सभिक माथुर आणि जिंकलेला जुगारी तेथेच डाव मांडतात. फाशांचा आवाज ऐकून या 'मूर्ती'ला राहवत नाही आणि तो पकडला जातो. मग तो निम्मे एकाकडून व निम्मे दुसऱ्याकडून माफ करवून घेऊन सगळेच फिटले म्हणून निघू पाहतो. अपूर्णांकांचा हिशेब त्यालाही येत होता! माथुर त्याला स्वतःला विकून पैसे दे म्हणतो. पुढे वसंतसेना आपले कंकण देऊन त्याला सोडवते. गोव्याच्या रंगभूमीने या नाटकाच्या मराठी अवतारावर पिढ्यान्‌पिढ्या प्रेम केले. हा प्रवेश आमच्या धोरणकर्त्यांनी पाहिला असेलच.

सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला कौशल्याचा खेळ ठरवले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला नशिबाचा खेळ म्हटले. २०२५ च्या कायद्याने ऑनलाइन खेळांपुरता हा भेदच बाजूला ठेवला. गोव्यात १९७६ चा सार्वजनिक जुगार कायदा आहे, आणि १९९० च्या दशकात त्यात दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेले व जहाजे यांना वाट करून दिली गेली. मग फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला जाण्यास मनाई झाली. तिचे आम्ही स्वागतच केले होते. परंतु आपल्या मुलांना जे विष म्हणून नाकारले, ते माळव्यातल्या शिक्षकाच्या मुलाला पाहुणचार म्हणून वाढायचे, हा कोणता न्याय? जहाजे हटवण्याचे धैर्य नसेल, तर राशीतून किती टक्के कापले जातात आणि कमाल मर्यादा किती, हे तरी प्रत्येक टेबलावर मराठीत व हिंदीत ठळक अक्षरांत लिहिण्याची सक्ती सरकारने करावी. सिगारेटच्या पाकिटावर आपण इतके करतोच.

आम्ही त्या तरुणाला विचारले की दोन्ही खेपांत टेबलाचा वाटा, गाडीभाडे आणि राहण्याचा खर्च धरून एकूण काय उरले. त्याने वही मिटून खिशात ठेवली. वडिलांना ठाऊक आहे का, असेही विचारले. तो रस्त्याकडे पाहू लागला. इंदूरची बस लागली, तेव्हा त्याने आमची पिशवी वर चढवून दिली आणि खिडकीशी येऊन पणजीत स्वस्तात उतरण्याची सोय कोठे होईल, ते विचारले. आम्ही गप्प राहिल्याचे पाहून तो म्हणाला, "काका, आपण आत कधी गेला आहात का?"

"आम्हांला प्रवेश नाही," आम्ही म्हणालो.

त्याला ती थट्टा वाटली.