सत्तावन्न किलो आणि छत्तीस कोटी

वजनगट ५७ किलोचा. म्हणजे सिमेंटचं एक पोतं आणि वर सात किलो, बस्स! पण एवढ्याशा पैलवानाचे आकडे मांडायला बसा, पाटी पुरत नाही.

खाशाबा जाधव. गाव कराडजवळचं गोळेश्वर, कॉलेज कोल्हापूरचं राजाराम. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं लंडन ऑलिंपिक गाठलं, सहावे आले. १९५२च्या हेलसिंकीसाठी मात्र निवडीत डावलले गेले. पठ्ठ्यानं पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि समोरच्याला लोळवलं!

निवड झाली, पण खर्च? राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर ७,००० रुपयांना गहाण टाकलं. सोनं तेव्हा तोळ्याला शंभराच्या आत. म्हणजे सत्तर तोळ्यांहून जास्त सोन्याचे पैसे! आज तोळा लाखापुढे गेलाय. लावा हिशेब: सत्तर लाखांच्या वर, एका पोराच्या कुस्तीवर!

कोल्हापूर ते हेलसिंकी सरळ रेषेत सुमारे ६,२०० किलोमीटर. मुंबई-पुण्याच्या एक्केचाळीस खेपा! तिथून कांस्यपदक आलं, आणि स्वागताला बैलगाड्या किती? १५१! बैलजोडीसकट एका गाडीला आठ मीटर धरा. बाराशे मीटरची मिरवणूक! चोवीस डब्यांच्या दोन आगगाड्या एकामागे एक उभ्या केल्यासारखी. पंधरा मिनिटांच्या वाटेला सात तास लागले. त्या चालीनं तीन तासांचा मुंबई-पुणे प्रवास साडेतीन दिवस चालला असता!

१९५५ साली खाशाबा फौजदार झाले. सत्तावीस वर्षं खाकीत काढली, क्रीडा प्रशिक्षक म्हणून इतरांनाही घडवलं. वैयक्तिक ऑलिंपिक पदकाच्या बाबतीत मात्र देश तिथल्या तिथेच.

आता दम धरा. १९५१च्या जनगणनेत आपण ३६ कोटी. माणशी एक मीटर जागा देऊन रांग लावली तर ३ लाख ६० हजार किलोमीटर. चंद्र थोडक्यात हुकला! एवढ्या रांगेत स्वतंत्र भारताचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक एकाकडेच. १९९१ साली माणसं ८४ कोटींवर गेली. आता रांग चंद्राला शिवून परत येते, वर पृथ्वीला दीड वेढ्याहून जास्त उरते. तरी पदकवाला एकच! दुसरा आला १९९६ साली अटलांटात, लिअँडर पेस. चव्वेचाळीस वर्षांनी!

आणि महाराष्ट्र? महाराष्ट्र ७२ वर्षं थांबला. २०२४ साली पॅरिसमध्ये ५० मीटरवर रायफलीचा नेम लागला, तोही कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचा!