हॉस्पिस चांगलं आहे की नाही, हे घरच्यांनी कसं ओळखावं?

आजचा विषय जाहीर झाल्यापासून आमच्याकडे जे प्रश्न आले, त्यातले बहुतेक एकाच प्रकारचे होते: 'एखादं चांगलं हॉस्पिस सुचवा.' नाव सांगायला वेळ लागत नाही. पण आज चांगलं असलेलं ठिकाण दोन वर्षांनी तसंच असेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. एखादी जाणती सिस्टर नोकरी सोडून गेली तरी अख्ख्या वॉर्डचा कारभार बदलतो. म्हणून आज नावं न देता पारख कशी करायची यावर बोलायचं आम्ही ठरवलंय. तुमच्यापैकी काही जणांच्या घरी आत्ता या क्षणी कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. तेव्हा लगेच उपयोगी पडेल असंच सांगू.

आधी शब्दाचा अर्थ नीट करून घेऊ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं, तिथून आजचं हॉस्पिस आलं. रोग बरा होणार नसेल तरी वेदना, धाप, भीती, एकटेपणा यांवर उपचार असतो, ही त्यामागची भूमिका. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला 'शांती आवेदना' सुरू झालं, ते भारतातलं पहिलं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. केरळमध्ये डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी १९९३ मध्ये कालिकतला काम सुरू केलं आणि पुढे गावोगावचे स्वयंसेवक घरी जाऊन सेवा देऊ लागले. म्हणजे हॉस्पिस ही इमारतच असायला पाहिजे असं नाही. घरी येणारी टीमसुद्धा हॉस्पिसच.

अडचण अशी की आता हा शब्द पाटीवर कुणीही लिहितं. वृद्धाश्रमाच्या एका मजल्यावर दहा खाटा टाकल्या, चोवीस तास आया ठेवल्या, की झालं हॉस्पिस. तिथली माणसं वाईट असतात असं आम्ही म्हणत नाही. पण अंघोळ घालणं आणि वेदना आटोक्यात आणणं ही दोन वेगळी कामं आहेत.

हॉस्पिटल निवडताना आपण विचारतो, इथून किती पेशंट बरे होऊन गेले? हॉस्पिसला हा प्रश्न लागूच पडत नाही. आणि घरच्यांचे आभारही फारसं काही सांगत नाहीत. माणूस गेल्यावर दमलेली मुलं सगळ्यांनाच हात जोडतात. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांनाही. मग मोजायचं काय?

अमेरिकेत यावर बराच विचार झालेला आहे. तिथे १९८३ पासून मेडिकेअर या सरकारी विम्यात हॉस्पिस आहे, आणि बहुतेकांना ही सेवा घरीच मिळते. रुग्ण गेल्यानंतर काही आठवड्यांनी घरच्या मुख्य काळजीवाहकाला एक प्रश्नावली पाठवली जाते आणि तिचे निकाल सगळ्यांना पाहता येतात. प्रश्न साधे असतात. संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी मदत लागली तेव्हा ती मिळाली का? वेदनेवर पुरेसा इलाज झाला का? औषध कधी, किती द्यायचं हे तुम्हाला शिकवलं का? शिवाय एक वेगळं मोजमाप आहे: शेवटच्या तीन दिवसांपैकी निदान दोन दिवस नर्स किंवा समाजसेवक प्रत्यक्ष येऊन गेले का? आम्हाला हे मोजमाप फार आवडतं. शेवटचे तीन दिवस हीच खरी परीक्षा असते आणि नेमकं तेव्हाच 'आता आम्ही येऊन काय करणार' असं म्हणण्याचा मोह होतो. ज्यांचे आईवडील मुलांकडे तिकडे राहतात, त्यांनी ही तुलना जरूर पाहावी.

आपल्याकडे अशी यादी नाही. पण तिकडे जे प्रश्न माणूस गेल्यावर विचारतात, ते आपल्याला आधी विचारता येतात. त्याला पैसे पडत नाहीत.

सुरुवात वेदनेपासून करू, कारण सगळ्यात जास्त फरक तिथेच दिसतो. पहिला प्रश्न सरळ विचारा: 'तुमच्याकडे मॉर्फिनच्या गोळ्या असतात का?' उत्तर 'हो, आणि त्या अशा देतो' असं आलं तर पुढे बोला. 'गरज पडली तर इंजेक्शन देऊ' असं आलं तर सावध व्हा. कॅन्सरच्या तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन हे जुनं, भरवशाचं आणि स्वस्त औषध आहे. ते तोंडाने आणि घड्याळ लावून द्यायचं असतं. साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो, म्हणून दर चार तासांनी. पेशंट कळवळायला लागल्यावर नव्हे, त्याच्या आधी. शिवाय मधेच कळ आली तर द्यायचा जादा डोस आधीच कागदावर लिहिलेला हवा; तो साधारणपणे दिवसभराच्या एकूण मात्रेच्या सहाव्या भागाइतका धरतात. आणि मॉर्फिनबरोबर पहिल्या दिवसापासून जुलाबाचं औषध, कारण बद्धकोष्ठता जवळजवळ ठरलेली. कुणी मॉर्फिन लिहिलं आणि पोट साफ होण्याचं औषध लिहिलंच नाही, तर लिहिणाऱ्याला या कामाची सवय नाही असं खुशाल समजा.

काही ठिकाणी सांगतात, 'आम्ही पॅच लावतो, गोळ्यांची कटकटच नाही.' फेंटानिलचा पॅच चांगला आहे, पण महाग आहे, आणि लावल्यावर पुरता परिणाम व्हायला निदान अर्धा दिवस जातो. आज रात्री अचानक कळ उठली तर पॅचचा उपयोग नाही. तेव्हा पॅचबरोबर दुसरं काय देता, हे विचारा.

मॉर्फिनची भीती ही तर वेगळ्या व्याख्यानाची गोष्ट. इतकंच सांगतो की योग्य मात्रेत हळूहळू वाढवत दिलं तर त्याने आयुष्य कमी होत नाही, आणि वेदनेसाठी घेणारा माणूस व्यसनी होईल या भीतीपायी त्याला तळमळत ठेवणं योग्य नाही. ते मिळवण्याच्या अडचणी होत्या, हे मात्र खरं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे परवान्यांचं जंजाळ इतकं होतं की बऱ्याच हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीने ते सुटसुटीत झालं. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ते ठेवता येतं. म्हणून 'तुम्हाला ही मान्यता आहे का' हा प्रश्न विचारायला लाजू नका. आजच्या घडीला 'परवानगी मिळत नाही हो' हे कारण ऐकून आम्ही तरी गप्प बसत नाही.

दुसरा प्रश्न: रात्री दोन वाजता काय होतं? माहितीपत्रकावर 'चोवीस तास सेवा' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ लावून घ्या. फोन कोण उचलतं? वॉचमन, आया की नर्स? डोस वाढवायचा अधिकार त्या नर्सला आहे, की डॉक्टर सकाळी दहाला येईपर्यंत थांबायचं? घरी सेवा असेल तर धाप लागल्यावर द्यायची औषधं घरात आधीच ठेवलेली असतात का? गिळता येईनासं झालं की कातडीखाली बारीक सुई लावून औषध देता येतं, ते देणारं कुणी आहे का? सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे एखाद्या रविवारी रात्री त्यांना फोन करून पाहा. अमुक त्रास झाला तर काय करू, एवढंच विचारा. 'उद्या ओपीडीला या' असं उत्तर आलं तर तुम्हाला जे कळायचं ते कळलं.

प्रत्यक्ष बघायला गेलात तर लॉबी, बाग, देवघर बघण्यात वेळ घालवू नका. वॉर्डात उभे राहा आणि श्वास घ्या. कॅन्सरच्या उघड्या जखमांना भयंकर दुर्गंधी येते. जखमेवर मेट्रोनिडाझोलची पूड टाकली तर ती बरीच कमी होते. गोळ्या कुटून केलेली पूडसुद्धा चालते, खर्च नगण्य. तरी वॉर्डात उग्र वास भरून राहिला असेल, तर त्यामागे पैशाची टंचाई नाही, दुर्लक्ष आहे. उलट फिनेल आणि अगरबत्तीचा घमघमाट असेल तरीही जरा चौकशी करा. मग पेशंटांची तोंडं बघा. ओठ सुकलेले, जिभेवर पांढरा थर असेल तर तोंडाची निगा घेतली जात नाही. कूस किती वेळाने बदलता, हे मेट्रनला नको, आयाला विचारा. ती लगेच 'दोन-दोन तासांनी' म्हणाली आणि भिंतीवर तसा तक्ता दिसला, तर छान.

माणसं किती, हेही विचारावं. पण आकड्यापेक्षा आम्ही एक गोष्ट जास्त पाहतो: आया आणि नर्स पेशंटशी बोलतात का? नावाने हाक मारतात, की 'तीन नंबर'? काका, आजी, मावशी म्हणतात का? डायपर बदलताना पडदा ओढतात का? हे सगळं दहा मिनिटांत दिसतं.

आता जरा अवघड भाग. आपल्याकडे घरोघरी एक वाक्य असतं: 'बाबांना काही सांगू नका, ते खचतील.' चांगली टीम यावर काय करते ते पाहा. ती तुमच्यावर ओरडत नाही आणि तुमच्या पाठीमागे जाऊन सगळं भसाभसा सांगूनही टाकत नाही. पण रुग्णाशी खोटं बोलायला ती तयार नसते. ती बाबांनाच विचारते, 'तुम्हाला आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय?' बहुतेकदा बाबांना सगळं कळलेलं असतं. तेही घरच्यांना जपण्यासाठी गप्प असतात. 'आम्ही पेशंटला काहीच कळू देत नाही' असं कौतुकाने सांगणारं ठिकाण आम्ही निवडणार नाही. तसंच 'आमच्याकडे आले की महिन्या-दोन महिन्यांत चालायला लागतील' म्हणणारंही नाही.

खाण्यापिण्याबद्दल विचारलं की हॉस्पिसचं ज्ञान लगेच उघडं पडतं. शेवटच्या दिवसांत भूक जाते, आणि आपण 'दोन घास तरी' म्हणून मागे लागतो. तिथले लोक काय म्हणतात? नाकातून नळी टाकू, सलाईन लावू? की ओल्या कापसाने ओठ भिजवायला तुम्हाला शिकवतात? गंगाजळ, तुळशीचं पान द्यायचं असेल तर द्या, फक्त पाठ उंच करून थेंब-थेंब, असं समजावतात? घरच्यांच्या हाताला काहीतरी काम देणं हाही उपचाराचाच भाग आहे.

कधी जायचं, याबद्दलही टीमचं मत विचारा. २०१० मध्ये अमेरिकेत पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांबरोबर पॅलिएटिव्ह केअर मिळाली, ते अधिक बऱ्या मनःस्थितीत राहिले आणि सरासरीने जास्त जगलेही: ११.६ महिने, तर इतर ८.९ महिने. म्हणून 'केमो चालू आहे ना, मग आत्ता नको, सगळं संपलं की या' असं कुणी म्हणालं, तर निदान सल्ल्यासाठी तरी दुसरीकडे जा.

कागदपत्रांचं बोलणं कुणालाच आवडत नाही, पण ते आधीच झालेलं बरं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येतं. हॉस्पिसला याची माहिती आहे का, आणि प्रकृती एकदम ढासळली तर ते अॅम्ब्युलन्स बोलावून आयसीयूत पाठवतात की तिथेच सांभाळतात, हे स्पष्ट विचारा. घरी सेवा घेत असाल तर आणखी एक: मृत्यू घरी झाला तर कारणाचा दाखला, म्हणजे नमुना ४-अ, कोण देणार? पहाटे चार वाजता त्यासाठी अनोळखी डॉक्टरांची दारं ठोठावणारी मुलं आम्ही पाहिलेली आहेत. ज्या टीमने पेशंटला तपासत आणलंय, तिनेच हे करायला हवं.

पैशाचं म्हणाल तर फुकट म्हणजे सुमार आणि महाग म्हणजे उत्तम, असं अजिबात नाही. वर नाव घेतलेल्या वांद्र्याच्या आणि वारज्याच्या दोन्ही संस्था रुग्णाकडून पैसे न घेता चालतात. जिथे घेतात तिथे औषधं, ड्रेसिंग, ऑक्सिजन यांचे दर वेगळे लागतात का, हे लिहून घ्या.

आणि एकदा दाखल केलं म्हणजे अडकलो, असं समजू नका. दोन-तीन दिवस गेले, वेदनेचा आकडा अजून दहापैकी सात-आठच आहे आणि डोस तसाच, तर डॉक्टरांशी बोला. फरक पडला नाही तर हलवा. निघताना चालू मात्रा, शेवटचा डोस कधी दिला ती वेळ, जादा डोस किती वेळा लागला, हे सहीनिशी लिहून घ्या, आणि नव्या ठिकाणी पोचेपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसकट हातात मागा. रस्त्यात दोन डोस चुकले तर वेदना पुन्हा उफाळून येऊ शकते.